उज्वलाबाईंनी लिहिलेलं ‘काही त्रास नाही’

उज्वला पगारेंनी स्वतःच घोळ घातला, असं आमच्या शाळेत सगळे म्हणतात. या सगळ्यांचा मला संताप येतो, आणि त्यांत मीही आलेच.

उज्वला सातपूरच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. माहेर सिन्नरकडचं, नवरा नाही, एकच मुलगी चैताली, नववीतली. चैतालीला ऑटिझम आहे. ती कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नाही, शाळेची घंटा झाली की कान दाबून धरते. पण त्यांच्या पत्र्याच्या घरात कधी किती उकडतं, हे तिनं दोन वर्षं रोज चार वेळा मोजून लिहिलंय. ती वही विज्ञानाच्या सरांना दाखवली, तर ते म्हणाले, “आधी अक्षर सुधार.” डोकं तापणार नाही तर काय होईल?

मार्चमध्ये पुण्याच्या एका संस्थेची जाहिरात आली. अशाच मुलांसाठी मे महिन्यात विज्ञान शिबिर, राहणं-खाणं फुकट. मी शाळेत क्लार्क आहे, मीच अर्ज छापून उज्वलाला दिला. चैताली रोज विचारायची, “आता किती दिवस राहिले?”

एप्रिलमध्ये नकार आला. शिबिर विशेष गरजा असलेल्या मुलांसाठी आहे, तुमची मुलगी त्यात बसत नाही. मी संस्थेकडून अर्जाची प्रत मागवली. मुलीच्या अडचणी सविस्तर लिहा, असं त्यात म्हटलं होतं. त्याखाली उज्वलानं नीट अक्षरात लिहिलं होतं, काही त्रास नाही, इतर मुलांसारखीच आहे. डॉक्टरांचं सर्टिफिकेट घरीच कपाटात होतं.

शिक्षक हसले. म्हणे, बाईला साधा फॉर्म भरता येत नाही. अहो, येतो! पहिलीच्या प्रवेशाला तिनं सगळं खरं लिहून आणलं होतं. तो फॉर्म मीच परत केला. “ताई, असं लिहिलंत तर मुख्याध्यापक सर प्रवेश देणार नाहीत. काही त्रास नाही, एवढंच लिहा.” तेव्हापासून ती प्रत्येक फॉर्मवर तेच लिहीत आली. हाताला तेच वळण लागलं.

अर्जाची प्रत मिळाली त्याच दुपारी उज्वला शाळेत आली. मी तिच्यासमोर संस्थेला फोन लावला. जागा भरल्या होत्या. मुख्याध्यापक केबिनमधून बाहेर आले, म्हणाले, “तुम्हीच लिहिलंत ना? आता आमच्याकडे काय येता?”

“माझ्या पोरीला ऑटिझम हाय,” उज्वला म्हणाली.

“हळू बोला, प्रवेशाचे पालक आलेत.”

ती पालकांकडे वळली आणि तेच मोठ्यानं बोलली. मग माझ्याकडे बोट दाखवलं. “खोटं लिहायला या मॅडमनी शिकवलं. विचारा त्यांना.”

मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. नोकरीची सहा वर्षं राहिलीत माझी.

“मला आठवत नाही,” मी म्हणाले.