खोलीला पाणी येतं का?
‘खोली भाड्याने देणे आहे’ ही पाटी दिसली की शनिवार पेठेतली माझी कॉलेजातली खोली आठवते. सोडताना डिपॉझिट मागितलं, तर मालक म्हणाले, “ते काय आम्ही उशाशी घेऊन झोपतो? नवा भाडेकरू आणा, त्याचं येईल ते आपण न्या.” शेवटच्या वर्षाची फी त्यातूनच भरायची होती. तीन आठवडे मी खोली दाखवत राहिलो; पाणी पहाटे जेमतेम दोन बादल्या येतं म्हटलं की लोक जिना उतरायचे. मग आमच्याच वऱ्हाडातले एक काका मुलासाठी आले. “पानी येते नं बाबू?” मी म्हणालो, “येतं.” मालकांना पैसे देऊन निघताना ते मला म्हणाले, “तू आपल्याकडचा, म्हणून तुलेच विचारलं.” फी भरली गेली. त्या जिन्याखालून मी आजही मान खाली घालूनच जातो.