मुंबईहून परत आलो आणि धाकटीने मला ओळखलंच नाही

आज सकाळच्या गाडीने आम्ही सुरतला परत आलो. माझ्या सात वर्षांच्या सोहमला रक्ताचा कॅन्सर आहे. उपचारांसाठी दोन महिने मुंबईतच राहावं लागलं. अडीच वर्षांची पिंकी तेवढे दिवस इथे आमच्या वस्तीत, नवागामला, शेजारच्या कोकिलाबेनकडे होती. तिचे पप्पा कापडाच्या लूमवर कामाला जातात, त्यामुळे दुसरा इलाजच नव्हता.

दारात पोचताच मी हात पुढे केले. पिंकी कोकिलाबेनच्या मागे लपली आणि तिने त्यांना विचारलं, "आ कोण छे?"

फोनवर रोज बघायची मला, तरीही. आणि आम्ही गेलो तेव्हा आमच्यासारखं मराठी बोलणारी पोर आता सरळ गुजराती बोलत होती.

कोकिलाबेन बिचाऱ्या ओशाळल्या. "अरे, तारी मम्मी छे!" मला भरून आलं, पण सोहमसमोर मी रडत नाही.

सोहम मास्क लावून पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "मम्मी, ओढू नको तिला. मला पण आधी नर्सदीदीची भीती वाटायची. ती रोज यायची ना, मग भीती गेली."

मी हात मागे घेतले. दुपारी पिंकीने माझ्या हातून भाकरीचा एक घास खाल्ला आणि परत कोकिलाबेनकडे पळाली. पिंकीला माझी सवय व्हावी म्हणून आता काही दिवस त्यांनाच दुपारी आमच्याकडे जेवायला बोलावलंय.

पुढच्या महिन्यात पुन्हा मुंबईला जायचंय. आजारी मुलासाठी बाहेरगावी राहिलेल्या आयांनो, धाकट्याला तुम्ही सोबत नेलंत की मागे ठेवलंत? खरं काय ते सांगा, मला ठरवता येत नाहीये.