तोंडावाटे काही नाही

दत्तारामकाकांना हॉस्पिटलातून घरी आणले त्या दिवशी निम्मे इब्रामपूर त्यांच्या अंगणात होते. स्ट्रेचर उतरवायला कोणी हात लावला नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. सगळ्यांनी लावला, आणि म्हणूनच ते दाराच्या चौकटीत अडकले. एक म्हणे तिरके करा, दुसरा म्हणे मागे घ्या. चौऱ्याऐंशी वर्षांचे काका मध्ये आडवे पडून छपराची कौले बघत होते. नाकातून निघालेली नळी गालावर चिकटवलेली होती आणि लघवीची पिशवी त्यांच्याच पोटावर ठेवलेली होती. शेवटी त्यांची लेक देवकी ओरडली, "सगळ्यांनी सोडा! चौघांनीच धरा!" त्या घरात इतक्या मोठ्याने बोललेली देवकी मी पहिल्यांदाच ऐकली.

मी शेजारीण, नात्याने तिची वहिनी. तीस वर्षे बालवाडीत पोरे सांभाळून निवृत्त झाले. तोंड माझे तिखट आहे हे आधीच सांगून ठेवते. पण या गोष्टीत त्या तोंडाचा उपयोग जिथे करायला हवा होता तिथे मी तो केला नाही, तेही सांगायला हवे.

देवकी त्रेपन्न वर्षांची. लग्न झाले नाही. डिचोलीच्या बाजूला काजूच्या फॅक्टरीत बिया सोलायला जायची. चिकाने बोटे काळी झालेली, सणालाही ती पांढरी होत नसत. आई गेली तेव्हा आईचे सगळे तिने केले. धाकटा भाऊ गौरेश म्हापशाला असतो, तिथे त्याचे विजेच्या सामानाचे दुकान आहे. तो रविवारी येतो, बापाच्या पायाला हात लावतो आणि जेवून जातो. वाईट नाही तो. रविवारचा मुलगा आहे, इतकेच.

काकांची डावी बाजू गेली होती. जीभ जड झाली होती, पण डोके शाबूत. तीन आठवडे हॉस्पिटलात देवकी खाटेखाली चटई टाकून राहिली आणि नर्सकडून सगळे शिकून आली. दर दोन तासांनी कूस बदलायची. नळीतून दोनशे मिली, सावकाश, पिचकारी उंच धरून. आधी पोटातले जुने ओढून बघायचे, नंतर पाणी सोडायचे, मग अर्धा तास बसते ठेवायचे. कमरेवरची जखम रोज धुवायची. काकांनी चांगल्या हाताने दोनदा नळी उपटली होती म्हणून त्या हाताला कापडी पिशवी बांधायची. हवेची गादी होती, ती वीज गेली की बसायची, आणि आमच्याकडे वीज जायला कारण लागत नाही. मग देवकी उशा कोंबत बसायची. सोबत जो कागद आला होता त्यावर लाल शाईने एक ओळ लिहिलेली होती: तोंडावाटे काही नाही. देवकीने तो कागद खाटेच्या वर भिंतीला चिकटवला.

कारण साधे होते. काकांचे गिळणे गेले होते. घास अन्ननळीऐवजी छातीत उतरला असता आणि छाती भरून माणूस गेला असता. सहा आठवड्यांनी गिळण्याची तपासणी होणार होती. तोवर एक थेंबही नाही. देवकीला तेवढेच कळत होते. सहा आठवडे सांभाळायचे, मग बाबा पुन्हा जेवतील.

पण आमच्या गावात आजाऱ्याला भेटायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो जेवणाचा.

"जेवलो काय म्हातारो?"

"नळयेन देतंय," देवकी सांगायची.

"ता आसा गो. पण तोंडान?"

"तोंडान नाय. डॉक्टरान नाय म्हणून सांगल्यान."

मग विचारणारी मान हलवून बाहेर यायची आणि अंगणात दुसरीला सांगायची. पलीकडच्या घरातली मालती तर उघडच म्हणाली, "बापाशीक उपाशी मारता गो ही." काकांचे वजन उतरत होते, गाल आत गेले होते. बघणाऱ्याला नळी दिसत नाही, गाल दिसतात.

आणि काका पेज मागत. आयुष्यभर माणूस पहाटे मळ्यात गेला, दहाच्या सुमारास घरी आला आणि उकड्या तांदळाची पेज जेवला, कधी सुक्या बांगड्याच्या तुकड्याबरोबर, कधी आंब्याच्या लोणच्याबरोबर. घड्याळ न बघता त्यांना दहा वाजलेले कळत. "देवके," ते जड जिभेने म्हणायचे, "पेज."

"पेजच घालतंय रे बाबा. ही बग." ती गाळून पातळ केलेली पेज पिचकारीत दाखवायची. खरेच ती त्यांना पेज घालत होती.

काका तिकडे बघायचे. "ही पेज न्हय," म्हणायचे.

पोटाला कळत असेल, जिभेला कळत नव्हते. एकदा देवकीने ओल्या फडक्याने त्यांचे ओठ पुसले तर त्यांनी ते फडके दातांत धरले आणि चोखायला लागले. तिला ते ओढून काढावे लागले. त्या दिवशी ती आमच्या मागच्या दारी येऊन रडली, आणि दहा मिनिटांत परतली, कारण कूस बदलायची वेळ झाली होती.

चौथ्या आठवड्यात गौरेशने कौल लावायचे ठरवले. आमच्याकडे घर बांधायचे, मुलगी द्यायची, शेत विकायचे, काहीही असो, देवाला विचारल्याशिवाय होत नाही. देवाच्या पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे ओली पाकळी चिकटवायची आणि कुठली आधी पडते ते बघायचे. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आम्ही सगळे गेलो. देवकी गेली नाही, तिला नळीची वेळ होती. महादेव गुरवाने गाऱ्हाणे घातले.

"बा देवा म्हाराजा, तुझो लेकरू दत्ताराम आज अंथरुणार पडलो हा. तेच्या तोंडात चार घास घालूचे की नाय, ता तू खरा करून सांग म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो. त्यात माझाही आवाज होता.

उजवी पाकळी पडली. झटकन पडली. गौरेशच्या डोळ्यांत पाणी आले. देवाला कोणी छातीचा एक्स-रे दाखवला नव्हता, पण हे मला आज सुचते. त्या दिवशी मी हात जोडले, आणि खरे सांगायचे तर सुटल्यासारखे वाटले. रोजच्या रोज त्या माणसाचे "पेज, पेज" ऐकून मी थकले होते. ज्या प्रश्नाचे उत्तर डॉक्टरने लाल शाईत दिले होते तोच प्रश्न आम्ही पुन्हा विचारला आणि आम्हाला हवे ते उत्तर घेऊन घरी आलो.

गौरेश देवळातून थेट स्वयंपाकघरात गेला. त्याच्या बायकोने पेज करूनच आणली होती. त्याने काकांना उशीला टेकवले, अंगाऱ्याचे बोट कपाळाला लावले आणि कुलेर, म्हणजे चमचा, भरली. काकांनी आ केला. इतके मोठे तोंड उघडलेले मी त्यांना आजारानंतर पाहिले नव्हते. जीभ बाहेर आली होती.

देवकी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. ती आत आली.

"गौरेश, कुलेर खाली ठेव."

"बाय, देवान उजवो दिल्यान."

"मगे देवाकच भरवूक सांग."

"असा कसा बोलतंस तू? सगळो गाव होतो थंय! ही वयनी होती!"

देवकीने माझ्याकडे बघितले. मी खिडकीबाहेर बघितले. तिखट तोंडाची मी.

गौरेशने कुलेर पुढे नेली. ती ओठांना लागणार तोच देवकीने त्याच्या हातावर फटका मारला. कुलेर खाटेखाली गेली. पेज काकांच्या छातीवर सांडली, थोडी हनुवटीवर. काकांनी जीभ काढून हनुवटीवरची पेज चाटायचा प्रयत्न केला, आणि देवकीने पदराने तीही पुसून घेतली. सगळे त्यांच्या डोळ्यांदेखत.

"बापाशीक तूच मारतलंस," गौरेश म्हणाला, आणि बायकोला घेऊन निघून गेला. पुढचे दोन रविवार तो आला नाही.

मला वाटले, देवकी आता माझ्यावर तुटून पडेल. ती खाली बसून पेज पुसत होती. म्हणाली, "वयनी, बांद्याचा स्थळ इला तेव्हा डावो कौल पडलो. मी गप ऱ्हवलंय. तेव्हा माका कोणी इचारूक नाय. आता मी कोणाक इचारूचंय नाय."

बांद्याचे ते स्थळ मला आठवत होते. मास्तर होता. तिला पसंत होता, हे तिने एकदाच सांगितले होते, भांडी घासता घासता. देवाने नको म्हटले म्हणून अठ्ठावीस वर्षे तिने तक्रार केली नाही. त्याच देवाचे ऐकणे तिने बापासाठी सोडले.

त्या दिवसापासून काकांनी पेज मागणे बंद केले. "पेज" नाही आणि "देवके"ही नाही. ती खोलीत आली की ते डोळे मिटायचे. कूस बदलताना, जखम धुताना, नळीत घालताना डोळे मिटलेले. ती बाहेर गेली की उघडायचे. मी गेले तर माझ्याकडे बघायचे, मालतीकडेही बघायचे. मी देवकीला समजावले की मेंदूचा आजार आहे, त्यांना आता माणसे कळत नसतील.

"नाय वयनी," ती म्हणाली. "माका वळाखतत. म्हणानच मिटतत."

तिने ते मनाला लावून घेतले नाही असे नाही. पण तपासणीचा दिवस जवळ होता, आणि त्या एका दिवसावर तिने सगळे टांगून ठेवले होते. "एकदा गिळूक लागले की आपणच बोलतले," म्हणायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारायची. सहा आठवड्यांत छातीत कफ नाही, ताप नाही, कमरेची जखम अर्ध्यावर आलेली. तपासायला आलेली नर्स म्हणाली, इतके स्वच्छ ठेवलेले पेशंट मी घरात बघितले नाहीत. देवकीने ते वाक्य मला तीनदा सांगितले.

तपासणीला मी बरोबर गेले. डॉक्टर तरुण मुलगी होती, बोलायला मऊ. तिने काकांना बसवून दाट केलेले पाणी अर्धा चमचा दिले, गळ्यावर बोटे ठेवली आणि छाती ऐकली. काका खोकले, निळे पडले. मशीनने ओढून काढावे लागले. पुन्हा एकदा करून बघितले, तेच झाले.

"गिळणं परत आलेलं नाही," डॉक्टर म्हणाली. "या वयात आता येईल असं मला वाटत नाही. नाकातली नळी काढून पोटात कायमची नळी बसवू."

देवकीने विचारले, "मगे जेवतले केव्हा?"

डॉक्टरने खुर्ची जवळ ओढली. म्हणाली, "पोट नळीनेच भरायचं. पण त्यांच्या समाधानासाठी एखाद-दोन चमचे चव म्हणून द्यायचे असतील तर बसवून द्या. छातीत जाण्याचा धोका आहे, तो राहणारच. काही घरचे तो पत्करतात. तुम्ही ठरवा."

"ह्या आधी दिला असता तर?"

"तर कदाचित ते आज इथे नसते," डॉक्टर म्हणाली. तिला वाटले, ती दिलासा देते आहे.

पोटाची नळी बसवून चार दिवसांनी पुन्हा घरी आणले. या वेळी अंगणात कोणी नव्हते आणि स्ट्रेचर पहिल्या फटक्यात आत गेले. दुसऱ्या दिवशी देवकीने भिंतीवरचा कागद काढला. सकाळी चुलीवर उकड्या तांदळाची पेज ठेवली, गॅसवर नाही. मला बोलावले. मला वाटले, तिला धीर हवा असेल. काकांना उशा लावून बसवले, हाताची पिशवी सोडली, छातीवर टॉवेल पसरला. लोणच्याच्या खारात कुलेरीचे टोक बुडवून तिने पेज घेतली आणि फुंकून ओठांशी नेली.

"बाबा, पेज. खरीच पेज."

काकांनी डोळे उघडले. कुलेरीकडे बघितले, मग तिच्याकडे. वास त्यांना आला असणार, नाकपुड्या हलल्या. आणि त्यांनी ओठ मिटले. चांगल्या बाजूचे घट्ट, लुळ्या बाजूचे जमतील तेवढे. तिने पुन्हा नेली. त्यांनी मान भिंतीकडे वळवली. "बाबा, चुकला माझा," ती म्हणाली. तिचे काय चुकले होते? पण ती म्हणाली, दोनदा म्हणाली, आणि त्यांनी मान परत वळवली नाही.

मग तिने कुलेर माझ्या हातात दिली. "तू दी वयनी," म्हणाली आणि दाराबाहेर गेली, त्यांना दिसणार नाही अशी.

मी बसले तशी काकांनी मान वळवली. कुलेर वर नेण्याआधीच त्यांनी आ केला. मी दिले. ते खोकले, डोळ्यांतून पाणी वाहिले, श्वास लागला, आणि श्वास पुरता परतायच्या आत त्यांनी पुन्हा तोंड उघडले. मला त्यांचा इतका राग आला की कुलेर त्यांच्या अंगावर फेकावीशी वाटली. मी दुसरी भरली.

आता रोज दहाला मी जाते. दोन कुलेरी माझ्या हातच्या. कूस, जखम, नळी, पिशवी, चादरी तिच्या हातच्या, आणि तेवढा वेळ काकांचे डोळे मिटलेले. चार दिवसांपासून त्यांच्या छातीत घरघर सुरू झाली आहे. मला ऐकू येते, तिलाही येते. दोघींपैकी कोणी पेज थांबवायची गोष्ट काढत नाही. पेज तीच करते आणि दाराआड उभी राहते. मी दुसरी कुलेर दिली की ती बाहेरून हळूच विचारते, "मीठ बरोबर आसा काय इचार गे."

मी काकांना विचारत नाही. मीच सांगते, "आसा म्हणतत."