मधला चेंडू जावयाचा

टेनिस खेळून, तेही जोडीने खेळून, मी पोट भरलं असं सांगितलं की लोक अजून माझ्याकडे टकामका बघतात. बघा बापडे! रत्नागिरीच्या एका क्लबात मी मार्कर होतो, म्हणजे पगारी खेळाडू. दुपारी कोर्ट तयार करायचं आणि संध्याकाळी साहेब नि वकील मंडळींशी खेळायचं. जमीन जांभ्याची. तिच्यावर माती चोपून, शेणाने सारवून आम्ही ती अंगणासारखी गुळगुळीत करायचो. आम्ही म्हणजे मी आणि माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. भावोजींनीच मला क्लबात लावलं, रॅकेट धरायला त्यांनीच शिकवलं.

खरी गोम इथेच होती. भावोजी पडले घरचे जावई. जावयाआधी पानाला हात लावायचा नाही, त्याच्यापुढे आवाज चढवायचा नाही. त्यानेही आग्रह झाल्याशिवाय काही घ्यायचं नाही. घरात हे शोभतं हो! पण कोर्टावर दोघांच्या मधोमध चेंडू आला की मी थबकायचो, कारण मान त्यांचा. तेही थबकायचे, कारण आग्रहाची सवय. चेंडू आमच्यामधून खुशाल निघून जायचा.

"घ्यायचात की, भावोजी!"

"अरे, मला वाटलं तू घेतोस."

वकील मंडळी पोट धरून हसायची आणि माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तशात मुंबईच्या एका क्लबाला पगारी जोडी हवी असल्याचं कळलं. जोडी हं, सुटा माणूस नको. दिवाळीनंतर त्यांचे साहेब आपली जुनी जोडी घेऊन येणार होते. तिला हरवलं तर जागा आमची. गावचे बाप्ये मुंबईला जायचे ते गिरणीत नाहीतर गोदीत. मला तिथे जायचं नव्हतं. मला खेळायचं होतं आणि ही जागा मी कुणाच्या बापाला सोडणार नव्हतो.

घरी मी सरळ विषय काढला. "आई, मधल्या चेंडूला मी भावोजींना ओरडून बाजूला करणार."

आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून वळली. "जावयावर ओरडणार? गुरांना हाळी घालतात तसा? मेल्या, माझ्या लेकीला त्या घरात नांदायचंय!"

मग मी खुणा ठरवल्या. डावा हात वर केला तर चेंडू माझा, खाली असला तर त्यांचा. रोज सकाळी घाम गाळला. पण भावोजी माझा हात निरखत बसायचे आणि चेंडू तोवर कुंपणाला लागलेला असायचा. तरी मी हटलो नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच.

सामन्याच्या दिवशी आई बहिणीला घेऊन कुंपणापाशी उभी राहिली. पाहुणी जोडी बेरकी. आमचं दुखणं त्यांनी हेरलं आणि चेंडू मधूनच मारायला लागले. शेवटचा सेट, आणखी एक गुण गेला की खेळ खलास. चेंडू मधोमध आला. भावोजी पुढे सरकले आणि थबकले.

"हट बाजूला!" मी असा ओरडलो की झाडावरचे कावळे उडाले. नुसता ओरडलो नाही, खांद्याने त्यांना ढकललं आणि चेंडू पलीकडे हाणला. गुण आमचा झाला. भावोजी मात्र सपशेल आडवे.

माझी कुंपणाकडे बघायची छाती होईना. भावोजी उठले, गुडघा फुटलेला, धोतराला शेणमाती. जवळ येऊन हळूच म्हणाले, "एवढा उशीर लावलास होय रे? मी कधीचा वाट बघतोय."

त्यानंतर मी घसा बसेपर्यंत ओरडलो. तेही माझ्यावर ओरडले. सामना आम्ही मारला.

आई मात्र माझ्याशी बोलेना. माशाची मोठी तुकडी भावोजींच्या पानात, शेपूट माझ्या. निघायच्या दिवशी बंदरावर भावोजी आधी मुंबईच्या बोटीपर्यंत नेणाऱ्या पडावात चढले. मी पाय टाकणार, तोच आईने माझा कान पकडला.

"घरात तो जावई. कळलं?"

"कळलं. आणि तिथे?"

तिने एकदा भावोजींकडे बघितलं, पदराने डोळे पुसले आणि कान आणखी पिळला.

"तिथे मधला चेंडू सोडलास, तर तंगडं मोडीन."