कपांना जागा

फिलोमिना पहिल्यांदा माझ्या वर्कशॉपमध्ये आली तेव्हा डोळे मिटून माझ्या कॉफी मशीनवर हात फिरवू लागली. चटका बसला तशी ओरडली, "सावंत, नळ इथे कोण लावतं रे? कॉफी काढणाऱ्याचा हात भाजेल!"

मरोळ गावठाणातली ही बाई पवईकडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायची आणि रविवारी साकीनाक्याला माझ्याकडे यायची. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं. अर्धा चहा इथे, पेन्सिल तिथे, काल स्वतःच पसंत केलेलं ड्रॉइंग आज फाडलेलं.

ऐंशीच्या दशकात लग्नाच्या हॉलांत एस्प्रेसो कॉफीचं खूळ आलं होतं. माझं मशीन उभं, पितळी. वर घुमट आणि घुमटावर पंख पसरलेला गरुड. गरुड बघूनच हॉलवाले भाव विचारायचे, आणि भावात मी कुणाच्या बापाला ऐकत नसे. फिलूला मात्र तो गरुड डोळ्यांसमोर नको.

"थंड कपात कॉफी मरते रे. त्या पाखराच्या जागी कप ठेव, खालच्या उष्णतेने गरम राहतील. आणि कप मांडले की मशीन कसं भरल्या घरासारखं दिसतं!"

"गरुड विकला जातो, कप नाही," मी म्हणायचो.

मग मुलुंडच्या एका हॉलवाल्या शेठची ऑर्डर आली. माझी पहिली मोठी ऑर्डर. ती जमली तर भाड्याचा गाळा स्वतःचा होणार होता. मी पितळ आणायला जामनगरला गेलो. परतलो तर फिलूने मशीन आडवं करून ठेवलेलं! घुमट नाही, गरुड नाही. वर सपाट पत्रा, भोवती नाजूक कठडा आणि आत ओळीने कप. बदलायला वेळच नव्हता. सकाळी शेठ आला, मशीनला प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "ट्रंक छान आहे. पण हिला नळ कशाला?"

ऑर्डर गेली. मी फिलूला नाही नाही ते बोललो आणि ते मशीन मोडीत काढलं. ती गेली ती पुन्हा आली नाही.

पुढच्या हंगामात घाटकोपरचा एक कारखानदार तसलंच आडवं मशीन विकू लागला. मुलुंडच्या त्याच शेठनेही घेतलं! ड्रॉइंग कुणाचं, ते वेगळं सांगायला नको. माझ्या गाळ्यात, माझ्या पत्र्यावर झालेलं काम. आजही आठवलं की डोकं फिरतं.

फिलू वारली त्याच्या आदल्या वर्षी बोरिवलीच्या एका लग्नात ते मशीन चालताना पाहिलं आणि तसाच तिच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"लाज नाही वाटली? माझं मशीन त्या घाटकोपरवाल्याला दिलंस?"

"तू मोडीत काढलंस ना? मग?" ती उंबऱ्यातच चुळबुळत होती. "ते सोड. लग्नाच्या गर्दीत चालताना मी अजून पाहिलंच नाही रे. वाफ सोडली की कप सरकतात का?"

"सरकतात! चांगले सरकतात!"

"किती?"

मी रागातच दोन बोटांत अंतर धरून दाखवलं.

"हलू नको," ती म्हणाली, आणि मोजपट्टी आणायला आत पळाली.