हळदीखालची कावीळ

नात जन्मली तेव्हा दोन किलो आठशे होती. तिसऱ्या दिवशी लेक तिला घेऊन धानोऱ्याला आमच्याकडे आली आणि माझ्या बायकोनं बाळ ताब्यात घेतलं. कोमट तेलात हळद कालवून ती बाळाला चोळायची. आंघोळ झाली की पुन्हा हळदीचा हात. बाळ नुसतं उजळलेलं दिसायचं.

गडचिरोलीला जिथं बाळंतपण झालं त्या दवाखान्यात नवजात बाळांच्या काविळीवर अभ्यास सुरू होता. एक छोटं यंत्र कपाळावर टेकवलं की सुई न टोचता काविळीचा आकडा येतो. तो रक्ताच्या तपासणीशी कितपत जुळतो, हे त्यांना पाहायचं होतं. लेकीनं संमती दिली होती, म्हणून तिथल्या सिस्टरबाई घरी आल्या.

त्यांनी बाळाकडं पाहिलं आणि यंत्र पिशवीतच ठेवलं.

"काकू, हे पिवळं हळदीचं का काविळीचं?"

"हळदीचंच. माझे तिन्ही पोरं असेच वाढले."

"मग पुसा नं. नाईतर मले हळदच मोजा लागन."

"पहिल्यांदा घरी आली अन् माझी हळद धुवाले लावते," बायको पुटपुटली. पण फडकं ओलं करून तिनंच बाळ पुसलं.

"आई, ही दूध पिता पिता झोपून राह्यली, सकाळपासून सांगतो मी," लेक म्हणाली.

फडकं पिवळं झालं, तरी बाळ पिवळंच राहिलं. सिस्टरबाईंनी छातीवर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पांढुरकी व्हायला हवी होती, तीही पिवळी. मग यंत्र टेकवलं. सतरा.

"किती पाहिजे होते?" मी विचारलं. नुसत्या आकड्यानं माझं समाधान होत नाही.

"या वयाले हे जास्त आहे, भाऊ. वेळेवर निळ्या उजेडात ठेवलं तर उतरते. लय वाढली तर मेंदूले धोका. आत्ताच निघा."

गडचिरोलीत रक्ताचा आकडा अठरा आला. डोळ्यांवर पट्टी बांधलेली नात उघड्या अंगानं निळ्या दिव्याखाली झोपली. बायको शेजारच्या स्टुलावरून हलेना.

"हळदीनं कावीळ होत नाई, डॉक्टरच म्हणाले," मी समजावलं.

"झाली नाई. पण झाकली तं मीच नं."

दुसऱ्या दिवशी टाचेतून पुन्हा रक्त घेतलं. दिव्याखाली राहिलेल्या कातडीवर यंत्र फसतं म्हणे. आकड्यांचं काम आमच्या घरात माझ्याकडं, पण त्या दिवशी माझ्याआधी तिनं विचारलं, "किती?"

"अकरा," सिस्टरबाई म्हणाल्या. "उतरली, काकू. आता हळद वरणात."

"तेल तं चालते नं?"

"हलक्या हातानं."

बाळ हातात आल्यावर बायको आधी खिडकीपाशी गेली. नातीच्या छातीवर तिनं हलकेच बोट दाबलं, उचललं, आणि बराच वेळ तिथंच पाहत उभी राहिली.