भाऊकाकांची धुरी

गाडी फलाटात शिरू लागली की झाशी स्टेशनावरचा यच्चयावत माणूस गाडीकडे बघायचा. भाऊकाका तेवढे डोळे मिटून घ्यायचे. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरायचे, मान किंचित तिरकी करायचे आणि समोरून सरकणारे डबे एकामागून एक हुंगायचे. मी भुसावळहून बदली होऊन नुकताच आलो होतो. मला वाटलं, म्हाताऱ्याला उभ्या उभ्या डुलकी लागली. इतक्यात त्यांनी डोळे उघडले, हाताखालच्या खलाशाला म्हणाले, "पीछे से तीसरा डिब्बा. उल्टी तरफ का पहिया देखो," आणि टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली. खलाशी पलीकडे उतरला. त्याने चाकाजवळ हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

त्या काळी डब्याच्या चाकांचा आस तेलावर फिरायचा. आसाच्या टोकाला लोखंडी पेटी आणि पेटीत तेलात भिजवलेले सुताचे बोळे. तेल आटलं की आस तापतो, बोळे जळू लागतात आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर धावत्या गाडीखाली आस मोडतो. मोडल्यावर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. ते इथे सांगत नाही. आम्ही गाडी तपासनीस, म्हणजे गाडी थांबली की या पेट्या हाताने चाचपत कडेने चालणारे लोक. भाऊकाका आमचे वरिष्ठ. हात तेही लावायचे, पण त्यांचा भरवसा नाकावर. इंजिनाचा धूर, पुरीवाल्याची कढई, चहाच्या शेगड्या, या सगळ्यातून जळक्या सुताचा वास ते निवडून काढायचे. खलाशी त्यांना 'नाकवाले बाबूजी' म्हणत आणि त्यांना ते मनातून फार आवडायचं.

त्यांचं घराणं गुरसरायच्या जहागिरीत कारकुनीला आलेलं. पिढ्यान्‌पिढ्या बुंदेलखंडात राहून घरातलं मराठी जुन्या भांड्यासारखं झालं होतं, पोचे आलेलं पण जड. "नाक म्हणजे इंद्रिय नव्हे भैया, नाक म्हणजे ड्यूटी," असं ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. ही ड्यूटी ते घरीही सोडत नसत. तपकीर नाही, अत्तर नाही, विडी तर नाहीच. कामावर निघायच्या आधी घरात फोडणी पडता कामा नये. काकूंनी केसांत मोगरा माळायचा तो काका घराबाहेर पडल्यावर. "माझा मोगरा यांनी कधी पाहिलाच नाही," असं काकू सांगायच्या. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती हे मला कधी कळलं नाही.

ब्रह्मचाऱ्याच्या वर ताण करणाऱ्या या माणसाचा एकच छंद होता, आणि तो रविवार दुपारचा. अल्फीसाहेब नावाचे एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर ऑस्ट्रेलियाला कायमचे जाताना त्यांना एक पेय शिकवून गेले होते. रम, लिंबू, साखर आणि बर्फ झाकणाच्या डब्यात घालायचं आणि डब्याच्या अंगावर दव धरेपर्यंत हलवायचं. एवढंच. छावणीतला एक सुभेदार त्यांना रम आणून द्यायचा. पुढे त्याची पलटण हलली, रम बंद झाली आणि व्हिस्कीवर वेळ आली. दुसरा कोणी सोडा ओतून मोकळा झाला असता. भाऊकाका म्हणाले, "रम गरीब स्वभावाची, कुणाशीही नांदते. व्हिस्की माहेरच्या तोऱ्यात असते. तिला धुरी दिल्याशिवाय ती लिंबाशी बोलायची नाही."

धुरीची युक्ती काकूंच्या स्वयंपाकघरातली. काकू मठ्ठ्याला धुंगार द्यायच्या, म्हणजे वाटीत निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून तो धूर झाकणाखाली कोंडायच्या. भाऊकाकांनी तूप वगळलं. शेगडीतला निखारा पितळी वाटीत घ्यायचा, त्यावर महुआच्या, म्हणजे आपल्या मोहाच्या, लाकडाची एक ढलपी ठेवायची आणि वर लोणच्याची धुतलेली बरणी पालथी घालायची. धूर बरणीत भरला की ती उचलून सुलटी करायची, तळहाताने तोंड झाकायचं आणि मग आत व्हिस्की ओतून घुसळायची. साखरेऐवजी गुळाचं पाणी. बाकी लिंबू, बर्फ आणि हलवणं अल्फीसाहेबांचंच.

खरी मेख होती बरणी कधी उचलायची यात. ती चिनी मातीची, आतलं काही दिसत नसे. भाऊकाका ओणवे होऊन बरणीच्या कडेशी नाक नेत आणि आम्हाला गप्प बसवत. "पहिला धूर कच्चा असतो, डोळ्यांत जातो. मग एक क्षण गोड येतो, भाजलेल्या कणसासारखा. तो गेला की कडू. आणि एकदा कडू झाला की कडूच." तो क्षण त्यांनी कधी चुकवला नाही. पहिल्या घोटाला लिंबू, मागून गूळ आणि सगळं संपल्यावर जिभेवर लांबवर कुठेतरी पेटलेली शेकोटी. त्यांच्याबरोबर प्यायला आम्ही दोघंच असायचो, मी आणि तिवारीजी नावाचे गार्ड. काकू निखारा द्यायच्या आणि तोंड फिरवायच्या. "आमच्या सासूबाईंनी ताकाला शिकवलेला धुंगार. बघायला नाहीत हे बरं!"

त्या हिवाळ्यात भाऊकाकांना मोठं पडसं झालं. ताप उतरला, खोकला गेला, ते कामावर आले. त्यानंतरच्या रविवारी त्यांनी बरणी पालथी घातली आणि ओणवे होऊन वाट बघत राहिले. कणसाचा वास आला, गेलाही. तिवारीजींनी माझ्याकडे पाहिलं. बरणीच्या कडेने पिवळा धूर गळू लागला, आमच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि भाऊकाका म्हणाले, "थांबा, अजून कच्चा आहे."

घोट घेतल्यावर तिवारीजींना ठसका लागला. "भाऊ, आज तो आपने इंजन ही पिला दिया!" आम्ही हसलो. भाऊकाकाही हसले. काकू दारात उभ्या होत्या, त्या हसल्या नाहीत.

पुढच्या रविवारी तेच. त्याच्या पुढच्या रविवारी काकूंनी शेगडीवर दूध ठेवलं होतं आणि त्या शेजारी गेल्या होत्या. मी पोचलो तेव्हा दूध उतू जाऊन, करपून, पातेलं काळं पडलं होतं. घरभर तो वास कोंदला होता आणि त्याच खोलीत, शेगडीकडे पाठ करून, भाऊकाका वर्तमानपत्र वाचत बसले होते. मला पाहून प्रसन्नपणे म्हणाले, "ये, ये. आज महुआची फर्स्ट क्लास ढलपी मिळालीये." मी पातेलं शेगडीवरून उतरवलं. दुसऱ्या दिवशी याच माणसाच्या नाकापुढून गाड्या जायच्या होत्या.

त्यांना स्वतःला ठाऊक होतं का? मला वाटतं, होतं आणि नव्हतं. गाडी आली की ते अजूनही टोपी काढत, डोळे मिटत. फक्त डोळे उघडायला पूर्वीपेक्षा वेळ लागायचा आणि उघडल्यावर ते दर वेळी एकच म्हणत, "ठीक है, जाने दो." आठवडे गेले, त्यांना एकही तापलेला आस सापडला नाही. खलाशी खूश होते, म्हणत, बाबूजींच्या वचकाने गाड्या सुधारल्या. मी मात्र त्यांच्या मागून एकेक पेटी हाताने चाचपत चालू लागलो. दोनदा मला चटका बसला. दोन्ही वेळा मी त्यांना म्हणालो, "तुम्ही सांगितलंत तोच डबा, काका." त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं. ते "हां" म्हणाले आणि पुढे गेले.

एकदा सीपरी बाजारात भाजी घेताना काकू भेटल्या. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर, पिशवीत बघत त्यांनी विचारलं, "तू त्यांच्या मागून चालतोस ना रे?"

"चालतो."

"चालत राहा. निवृत्तीला थोडेच महिने आहेत. नाक गेलं म्हणून यांना सांगितलं ना, तर माणूस जाईल माझा." आणि भाव न करताच त्यांनी पैसे देऊन टाकले.

असे काका आणि मी मिळून एक नाक झालो होतो. पण गाडी लांब असते, आणि माझ्या हातांनाही सुट्ट्या होत्या, पाळ्या होत्या. ड्यूटी नसलेल्या दिवशी रुळांकडून शिट्टी ऐकू आली की माझा घास हातात थांबायचा.

उन्हाळ्यात काकू भाचीच्या लग्नाला बीनाला निघाल्या. दिल्लीकडून येणारी दुपारची पॅसेंजर, शेवटून दुसरा डबा. त्या दिवशी आमचा एक माणूस आला नव्हता, म्हणून इंजिनाकडची अर्धी गाडी मी पाहायची आणि मागची भाऊकाकांनी, असं ठरलं. त्यांनी टोपी काढली, डोळे मिटले. बायकोच्या डब्याशी थांबून खिडकीतून "पोचलीस की निरोप दे" म्हणाले आणि हात वर करून ओरडले, "ठीक है, जाने दो!" गाडी त्या दिवशी तिवारीजींची होती. ते हिरवी झेंडी उलगडत होते.

तेवढ्यात काकू ट्रंक ओढत खाली उतरल्या. आवाज ऐकून मी मागे धावलो. काकू नवऱ्यासमोर फलाटावर उभ्या होत्या.

"मी या गाडीने जात नाही. कुणालाच जाऊ देऊ नका."

"का? काय झालं?"

काकूंनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. आयुष्यभर या माणसाचे कपडे धुतले होते त्यांनी. जळक्या सुताचा वास त्यांच्याइतका कोण ओळखणार?

"अहो, जळतंय."

भाऊकाकांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. छाती भरून श्वास घेतला, पुन्हा घेतला. फलाट आणि डबा यांच्या फटीतून बारीक निळा धूर येत होता, त्यांच्या अगदी पायाशी. डबा माणसांनी भरलेला होता. खिडकीत पोरं बसली होती.

"कुठे?" भाऊकाका म्हणाले.

तिवारीजींनी हिरवी झेंडी गुंडाळून काखेत मारली आणि लाल बाहेर काढली. काकूंनी नवऱ्याचा हात धरला आणि त्याला खाली बघायला लावलं.

डबा गाडीपासून तोडून बाजूला नेला. पेटी उघडली तेव्हा आतले बोळे कोळसा झाले होते. तो आस वाटेतल्या तालबेहटपर्यंतही टिकला नसता, असं भाऊकाकांनीच सांगितलं, अगदी शांतपणे. मग ते साहेबांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "माझं नाक गेलं आहे, साहेब. पुष्कळ दिवस झाले. मला गाडीपाशी उभं करू नका." आमच्यापैकी कुणाचं नाव त्यांनी घेतलं नाही. उरलेले महिने त्यांनी स्टोअरच्या टेबलावर काढले.

त्यांनी धुरी पुन्हा केली ती एकदाच, माझी बदली झाली तेव्हा. बरणी पालथी घालून ते ओणवे झाले नाहीत, ताठ बसून राहिले. काकू, ज्यांनी त्या पेयाकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, त्या पदर खोचून बरणीशी वाकल्या. "थांबा... थांबा... हां. उचला." त्या दिवशीचा पेला जमून आला होता. मी तसं सांगितलं. भाऊकाकांनी स्वतःचा पेला अर्धाही संपवला नाही. "मला नुसतं लिंबू लागतंय रे," एवढंच म्हणाले.

पुढे काकू गेल्या. मला ते उशिरा कळलं. कामानिमित्त झाशीला जाणं झालं तेव्हा पत्ता काढत मी लक्ष्मी गेटजवळच्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी गेलो. भर डिसेंबर होता आणि घराची सगळी दारं-खिडक्या सताड उघड्या होत्या. भाऊकाका शाल गुंडाळून मधोमध खुर्चीवर बसले होते. घरात शेगडी नव्हती, स्टोव्ह नव्हता, देवापुढचं निरांजनही लावलेलं नव्हतं. दोन्ही वेळचा डबा तिवारीजींच्या घरून यायचा.

मला ओळखून ते उठले. पाठीवरून हात फिरवला आणि मी चपला काढायच्या आत विचारलं, "घरात कसला वास येतोय का रे?"

"नाही, काका."

"नीट बघ. आतल्या खोलीतही बघ. काही जळलं तर सांगायला आता ही नाही."

मी आत गेलो. पलंगाखाली, कपाटामागे, न्हाणीघरात, सगळीकडे पाहिलं. कसलाच वास नव्हता. उदबत्तीचा नाही, तेलाचा नाही, माणसाचासुद्धा नाही. बाहेर येऊन तसं सांगितलं तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला आणि मग आम्ही अल्फीसाहेबांबद्दल, भुसावळबद्दल, माझ्या मुलांबद्दल बोललो. निघताना ते दारापर्यंत आले.

"आता परत कधी येशील?"

निरोप घेताना सगळेच असं विचारतात. मी तोंडाला येईल ते उत्तर देणार होतो, पण त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि त्यांना खरोखरच दिवस हवा होता.